बाकसात मीच हाय

गुरुवारची रात्र, सोहारचा कॅम्प,
बी ब्लॉक, तेरा नंबर.
नऊ माणसं आणि एक टीव्ही.
रिमोट ज्याच्या हातात त्याचं राज्य,
आणि त्या रात्री राज्य मराठीचं होतं.

पडद्यावर प्रल्हाद मांडवकर.
आपलाच. देवरुखाकडचा म्हणतात.
ऐन मेमध्ये कोट घालून आलेला,
गळ्यात दोन कॅमेरे, काखेत टँगचा डबा,
डोक्यावर नायलॉनच्या दोरीनं आवळलेलं खोकं,
दर वाक्याच्या शेपटाला 'खल्लास'.
"पळतंय कोण, सायेब?
मी आपल्याच घामावरनं घसरतंव!"

खोटं कशाला सांगू, मीच पहिला हसलो.
कारण तो कोट माझ्याकडे आहे.
रुवीच्या बाजारात सात रियालना घेतलेला,
पाच वर्षांत दोनदा घातला,
दोन्ही वेळा लांज्याच्या एस्टी स्टँडवर.

बिजूमोनला भाषा कळत नाही,
पण खोकं कळतं.
म्हणाला, आमच्या चॅनलवरही आहे असाच एक, मिशीवाला.
नासिर म्हणाला, सिल्हेटातही.
म्हणजे प्रत्येक मुलखानं आपला एक नग
हसण्यासाठी बाजूला काढून ठेवलाय,
आणि तो नग आपणच असा
आम्हा नऊ जणांनाही संशय.

आईला फोनवर विचारलं, बघतेस का गं तो कार्यक्रम?
बघते म्हणाली.
"तुज्यासारकाच चालतो रं मेला."
आणि किती वेळ हसत राहिली,
माझ्याच बॅलन्सवर.

शनिवारी साइटवर फोरमन अख्तर रझा ओरडला,
"ए घसरतंव, इधर आ!"
शब्द तोच.
मांडवकराच्या तोंडात त्याला पाय होते,
इथे तो नुसताच घसरला.
त्याला ती क्लिप दाखवली कुणी?
मीच. जेवणाच्या सुट्टीत. त्याला खूश करायला.
आणि हाक ऐकून पुन्हा हसलोही.
पगाराच्या चिठ्ठीवर नसलेलं हे काम
आठ वर्षं करतोय, ओव्हरटाइम न लावता.

पण त्या रात्रीचं सांगायचं राहिलं.

गंगाराम भुवड, वय बासष्ट, कागदावर अठ्ठावन्न,
टीव्हीसमोर बसले होते डोळे मिटून.
झोपलाव काय, काका?
"गप. ऐकू दे.
'घसरतंव' म्हणतो बघ. शेवटचा 'व' ओठात धरतो जरा.
माझी आवस तशीच धरायची.
ती गेली त्याला नऊ वर्षं झाली.
आता फोनवर नातवंडं बोलतात ती पुस्तकातलं.
मी आपला ह्याच्याकडे येतंव, गुरुवारचा."

तेवढ्यात पडद्यावर कस्टमवाला विचारतो,
काय आहे रे खोक्यात?
मांडवकर कोटाचं बटण लावतो,
खोक्यापुढे आडवा उभा राहतो.
"उगडू नुका, सायेब. बाकसात मीच हाय.
ह्यो भायेर उबा हाय, त्यो भाड्यानं आनलाय."

तिकडे स्टुडिओ फुटला.
तेरा नंबर नाही.
शिमग्याआधी आम्ही मस्कतला गेलो होतो, टेम्पो करून,
कार्गोच्या दारात एक खोकं सोडायला.
वेल्डर सुर्व्याचं.
फॉर्मवर वजनाचा रकाना असतो.
तो बिजूमोननं भरला,
आमच्यापैकी कुणाचा हात चालेना.

कुणीतरी रिमोट शोधायला लागलं,
उशीखाली, चटईखाली, उगाच.

आणि भुवडकाका हसले.
आधी वाटलं खोकला.
मग खांदे हलायला लागले,
डोळ्यांतून पाणी, कवळी हातात,
नासिरनं बाटली पुढे केली ती त्यांनी बाजूला सारली.

"सुर्व्याला लय आवडलं असतं," म्हणाले.
"लाव परत. आवाज वाढव.
आणि मधल्या त्या टाळ्या
काढता येतात का बघ."