हांडव्याचं भांडं

ओव्हन नाही आमच्याकडे.
निरंजनाबेनकडून हांडव्याचं भांडं मागून आणलं,
ॲल्युमिनियमचं, तीन मजली,
झाकणाला रुपयाएवढी काच,
तळाच्या ताटलीत वाळू.
महीची, त्या म्हणाल्या,
सासूबाईंनी चाळून भरलेली, एकोणऐंशी साली,
तेव्हापासून तीच.
"धोऊ नका हं वाळू. अने धीमा तापे.
उतावळ नही."

जूनपासून ह्यांना ओट्स.
स्टेंट घातला त्या आठवड्यात डॉक्टर पटवांनी
कागदावर लिहून दिले,
आणि मी रोज सकाळी वाटीभर खळ शिजवत गेले,
आकाशकंदिलाला चालली असती अशी.
ह्यांनी ती एकदाही नावाजली नाही,
एकदाही टाकली नाही.
आधी वाटीची एक बाजू, मग दुसरी,
परीक्षेला बसल्यासारखे.
ते मला भांडणापेक्षा जड गेलं.

कोजागरी होऊन तीन दिवस झाले.
गरब्याचे मांडव सुटले,
पोलो ग्राउंडच्या कडेला बांबूंची भोकं तेवढी राहिली.
पहाटे पंखा एकवर आणावा लागतो,
पायाशी चादर चाचपावी लागते,
आणि अकरा वाजता पुन्हा तेच रणरणतं ऊन.
खंडेराव मार्केटात लाल भोपळ्याची फोड घेतली.
बाईने सुरा मारला
तेव्हा तिच्या हातापर्यंत केशरी आला.

तो किसला, घारग्यांना किसतात तसा.
ओट्स रात्रीच दुधात घातले होते.
दूधपौव्यांसारखे गच्चीवर चांदण्यात ठेवावेत,
असं आलं मनात.
पण चंद्र उशिरा उगवणार
आणि वर कुलकर्ण्यांचं मांजर.
फ्रिजमध्येच ठेवले.

दालचिनी कुटली, सुंठ, चार वेलदोडे.
जायफळाचे सहाणेवर दोन वळसे.
तिसरा नको,
तिसऱ्याने झोप येते, आज ह्यांना कामावर जायचंय.
गूळ कागदावर लिहिलाय तेवढाच.
मग नखाएवढा आणखी.
कागदाला कुठे डोळे असतात.

भांडं तापलं तसा त्याचा जुना वास सुटला,
तीळ, हिंग, दुधीचं पाणी,
दुसऱ्या घराच्या सगळ्या शनिवारांचा.
तो दालचिनीत मिसळला. मी अडवला नाही.

पाऊण तास.
काचेवर आधी धुकं, मग थेंब,
मग थेंबांतून काही दिसेना.
दोनदा माझा हात गॅस मोठा करायला गेला.
दुसऱ्यांदा भिंतीपलीकडे निरंजनाबेनचा तवा वाजला,
आणि मी हात पदराला पुसला,
जणू तेवढ्यासाठीच उचलला होता.

हे आंघोळ करून आले.
चार महिन्यांनी गळ्यात रिफायनरीचं ओळखपत्र.
फोटोतला माणूस ह्यांच्याहून जाडा.
"हांडवो?"
"ओट्स."
चेहरा मी पाहिला नाही, मुद्दाम.
सुरी फिरली. तळ करकरला.
थोडा वेळ नुसताच चमच्याचा आवाज, आणि मग,
"कडेचं मला दे. करपलेलं."

औषधाच्या डबीखेरीज
जूननंतर त्यांनी मागितलेलं
हे पहिलं काही.

बसचा हॉर्न झाला तेव्हा घास तोंडातच होता.
जिन्यावरून काहीतरी म्हणाले,
मला "गूळ" एवढंच ऐकू आलं.
कमी की जास्त, कोण जाणे.

भांडं रिकामं परत देत नाहीत.
मधली वडी ठेवून नेलं.
निरंजनाबेनने दारातच, उभ्याने, खाल्ली.
डोळे मिटून.
"सरस," म्हणाल्या, "पण लीलुं मरचुं जोईए."
मग भांडं माझ्याकडेच ढकललं,
"दिवाळी सुधी राखो."

साडेनऊ वाजले होते.
वाळू अजून गरम होती.