दांडा वजा

शेवटचा ट्रक दिल्लीच्या वाटेला लागला की
वखारीत उरतो पानांचा ओला वास,
फरशीवर चिकाचे काळे डाग,
मी, आणि माझा काटा.
तेव्हा हे येतात.
चपला बाहेर, बंदुका आत,
गोधडीत गुंडाळलेल्या,
तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तशा.

हिरालाल वारक्यांची दुनळी, बारा बोअर, कोरी.
दस्ता अक्रोडाचा, त्यावर कोरलेली बदकं,
आमच्या सुकी नदीनं कधी न पाहिलेली.
"कितल्याले पडली रे भो?"
हिरालाल बोलत नाही,
बैलबाजारासारखा रुमाल टाकतो
आणि खाली बोटं दाबतो.
देवचंद झोपे हात काढून घेत म्हणतो,
"नळी लांब आहे. वळवता वळवता डुक्कर म्हातारं होईल."

देवचंदची तीनशे पंधरा, कानपूरची.
परवान्याला नऊ वर्षं.
तेवढ्यात दोन पोरी उजवल्या,
मृगबाग गेली, कांदेबाग आली,
पिलबागा किती निघाल्या त्याचा हिशेब नाही.
तो तिला पुसतो जुन्या बनियननं,
फार हळू,
आणि आपण बघतोय हे कळलं की जोरात.

वामन भारंब्याकडे परवाना नाही, बंदूक नाही,
पण सगळ्यात जास्त तोच बोलतो.
कुठलीचा धक्का खांद्याला, कुठलीचा दाढेला,
कुठलीचा चाप पावसाळ्यात रुसतो.
त्याच्या हाती कोणी देत नाही.
तो लांबूनच एक डोळा मिटतो.

"मापाडी, टाक काट्यावर. होऊन जाऊ दे."
सव्वीस वर्षं मी घड मोजले,
एकदा गणपतीचा मोदक, एकदा तान्हं पोर.
हे पहिल्यांदा.
मी काटा शून्यावर आणला.
आकडा तीन किलोवर चढला, उतरला, थरथरला,
थांबेचना.
"हात सोडा," मी म्हणालो.
हिरालालचं एक बोट दस्त्यावरच होतं.
"हिरालालभाऊ, बोटाचंही वजन लागतं."
त्यानं सोडलं. जरा वेळानं.
तीन किलो चारशे दहा.
आणि सवयीनं जीभ पुढे गेली:
"दांडा वजा?"

आधी हसले. मग खरंच भांडले.
दस्ता म्हणजे दांडाच की बंदुकीचा जीव?
नळी मोजायची की अख्खी?
देवचंद म्हणाला, लाकूड काढा,
मग बघू कोणाची भारी.
साडेदहा वाजले.

साडेदहालाच फोन आला, हिरालालच्या सालदाराचा.
"मालक, कांदेबागेत डुकरं शिरली."
सगळे उभे राहिले.
सगळ्यांनी दुनळीकडे पाहिलं.
काडतुसं घरी, कपाटात.
चावी वहिनींच्या कमरेला.
वहिनी भुसावळला, भाचीच्या साखरपुड्याला.
हिरालालनं तोंड उघडलं,
तोवर पलीकडून आवाज आला,
"राहू द्या मालक, मी डबा वाजवला. गेली."

मग चहा झाला. कोणी साखर मागितली नाही.

रुबाब तडवी, आमचा रखवालदार,
दारातून सगळं बघत होता.
वामननं छेडलं, "तुझ्या बापाची ठासणीची होती ना रे?"
"आहे ना," तो म्हणाला, "ठाण्यात."
निवडणुकीला जमा केली होती.
मग आणखी एक निवडणूक आली, मग आणखी एक.
आणायला गेलो की ते भाडं विचारल्यासारखं बघतात,
आणि आणून ठेवू कुठे,
वरून गळतं.
त्यानं खिशातून पावती काढली,
प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या,
आणि कोणी सांगायच्या आत
काट्यावर ठेवली.

हात लगेच सोडला.

काट्यानं काहीच दाखवलं नाही.
आमचा काटा वीस ग्रॅमच्या खालचं धरत नाही,
हे मी त्याला सांगितलं.
तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचा काटा."
पावती उचलली, घडी घातली तशीच,
आणि बॅटरी घेऊन
बागेकडे फेरी मारायला गेला.

सकाळी पहिल्या घडाला तेलाचा वास आला.
व्यापारी म्हणाला, हे काय?
मी काटा पुसला, पुन्हा शून्यावर आणला.