सात लारी

कुताइसीच्या बाजारात, चुर्चखेलांच्या माळांशेजारी,
सेल आणि कंगवे विकणाऱ्याकडून
मीच घेतला तो.
आठ सांगत होता, घासाघीस करून सात लारी.
लेबलवर होतं : पाच मिलिवॉटपेक्षा कमी.
लेबलला कोण विचारतं,
बाबा रे, खरं बोलतोस ना?

आठवडाभर मांजर भिंतीभर धावली
हिरव्या ठिपक्यामागे.
झडप घालायची, पंजा उचलून बघायची,
खाली काहीच नाही.
वाख्तांग हसून गडबडा लोळायचा.

मग एकदा त्यानं आरशावर नेम धरला.
दुखलं नाही,
म्हणून सांगितलंही नाही.
शाळेतून चिठ्ठी आली :
वाचताना मधलीच अक्षरं गाळतो.

डॉक्टर नेस्ताननी पडद्यावर दाखवलं,
नारिंगी गोलात मधोमध
तिळाएवढं फिकट काहीतरी.
"चष्म्यानं जाईल?"
त्यांनी पेनाला टोपण लावलं,
काढलं,
पुन्हा लावलं.

आता बोलताना तो
माझ्या कानाकडे बघतो.
सरळ पाहिलं
तर मला तोंडच नसतं म्हणे.

मांजर अजून दिवेलागणीला
भिंतीसमोर येऊन बसते, शेपूट हलवत.
ठिपका घरातच आहे गं,
तुला दिसायचा नाही, इतकंच.