पस्तीस झाकणं

आझिलोतल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं:
दिवसाला सातशे मिली. चहा, डाळ,
गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच.
शहाळं नाही. कलिंगड नाही.
हुर्राकचं तर नावच काढू नका.

घरी येऊन आईच्या फडताळातून ते काढलं,
गोड दुधाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण,
कडा दगडाने ठोकून बोथट केलेली.
सुईविना सिरिंजने मोजलं. वीस मिली.
म्हणजे मला पस्तीस.
सगुण आज्याला दोन मिळायची,
एक उजाडताना, एक दिवस बुडताना.
त्या हिशेबात मी सावकार.

बेचाळीस साली मुंबईच्या गोदीतून
तो इंग्रजांच्या मालबोटीवर कोळसा ओढायला चढला.
केरीचा गाबीत, तेरेखोलच्या मुखाशी वाढलेला,
पाण्याला काय भ्यायचा.
बोट कुठे बुडाली ते त्याला नकाशावर कधी दाखवता आलं नाही.
“थंय,” म्हणायचा,
आणि हात माडांच्या वर कुठे तरी.

होडीत एकवीस माणसं. सतरा दिवस.
हर्णैचा दाऊद सारंग झाकण भरून वाटायचा,
स्वतः शेवटी घ्यायचा. त्यानेच शिकवलं:
आधी ओठ. मग जिभेखाली.
वीस आकडे.
मग गिळ, आणि गिळलंस हे विसरू नकोस.

युद्धातलं एवढंच आज्याने घरी आणलं.
मी सहा वर्षांचा असताना ओसरीवर बसवून
माझ्याकडून घोकून घ्यायचा.
मी हसलो, पाणी सांडलं.
मारलं नाही त्याने. तळव्याने जमीन पुसली
आणि ओला तळवा मानेवरून फिरवला.

रोज दिवेलागणीला तो एक झाकण पाणी
विहिरीजवळच्या माडाच्या मुळाशी ओतायचा.
तो गेल्यावर आई ओतू लागली.
आम्हाला वाटायचं, रीत असेल.
एकदाच विचारलं. ती तारले साफ करत होती,
मान वर न करता म्हणाली,
“एके राती तुज्या आज्यान दोनदां घेतलां.
बाजूचो निजलोलो. सकाळीं तो उठलोच ना.”
खवले उडत राहिले.
“तहानेन मेलो काय तापान, कोण सांगतलो.
पण झाकण तेचां होतां.”
नाव?
“नाव आज्याकय खबर नसलां. सिल्हेटचो कोण तरी.”

सोमवारी, गुरुवारी सकाळची सहाची कदंब.
मार्चात पार्सेच्या रस्त्याला कलिंगडांचे ढीग,
वर एक कापून ठेवलेलं, लालभडक.
मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसतो.
म्हापशाला आधी वजनकाटा.
प्रेसिला आकडा बघते, मग मला.
“अंकल, पाणी जास्त झालं?”
“ना.”
काट्याला भीड नसते.
रात्री तीनला मी छत्तिसावं घेतलं होतं,
मग सदतिसावं, मग मोजणंच सोडलं.

आज्याच्या होडीत वजनकाटा नव्हता.
त्यालाच ते वजन उचलावं लागलं,
चाळीस वर्षं, रोज वीस मिली.

चार तास रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं.
शेजारच्या खाटेवर डिचोलीचा पोरगा,
एकोणीस वर्षांचा, बर्फाचा खडा चघळत.
त्याला म्हटलं, चघळू नको रे.
आधी ओठ. मग जिभेखाली. वीस आकडे.
चौदावर चुकला, हसला,
पुन्हा एकपासून सुरू केलं.
कुठे शिकलात, विचारत होता.
म्हटलं, घरचं आहे.

संध्याकाळी चौतीस होतात.
पस्तिसावं भरून विहिरीकडे नेतो.
माड गेल्या वादळात पडला, खुंट आहे.
प्रेसिलाला सांगितलेलं नाही,
तिच्या वहीत हे कुठल्या रकान्यात बसेल?
ओततो, आणि उभा राहतो जरा, ओठ कोरडे.
माती काही वीस मोजत नाही.