डाग

गिटार आधी नाकाशी धरावी.
हिच्या फटींतून खारं लाकूड आलं, खोबरेल,
आणि कुणाकुणाच्या जुन्या सिगारेटी.
पापा घार्टी दारातच उभे, टोपी हातात,
जणू मी डॉक्टरीण आहे.
"आवाज मध्येच येतो, मध्येच जातो," म्हणाले,
"माझ्यासारखाच."

टाकोराडी, बाजारामागची गल्ली.
माझं दुकान रेडिओंचं, पंख्यांचं,
झालंच तर चर्चच्या भोंग्याचं.
गिटार ही पहिलीच.

पोकळ हा शब्द लोक शिवीसारखा वापरतात.
त्यांनी एकदा अशा पोकळीत काम करून पाहावं.
मागे झाकण नाही, स्क्रू नाही,
जे काय करायचं ते या नागमोडी फटीतून,
बाटलीत जहाज उभारणाऱ्या खलाशासारखं.

प्रत्येक बटणाच्या दांडीला दोरा बांधला.
लाल, निळा, पांढरा,
हिरवा संपला होता म्हणून पुन्हा लाल, गाठ मारून.
मग नट सैल केले, एकेक अवयव आत पडू दिला
आणि फटीतून ओढून घेतला:
काळी पडलेली वायर, वर कापडाचं वेष्टन,
बोट लावलं की बिस्किटासारखं तुटणारं.
मागोमाग एक झुरळ, वाळून पारदर्शक.
एक आगकाडी.
अर्धं तिकीट: गुरुवारी स्त्रियांना निम्मा दर.

माझ्याआधी कुणीतरी इथे येऊन गेलं होतं.
त्याचे डाग मोठे, घाईचे, शिशाचे ओघळ तसेच सोडलेले.
बंदरावरचा वेल्डर असावा,
दिवसा जहाज आणि रात्री गिटार
एकाच हाताने सांधणारा.
आणि टोनच्या बटणावर त्याने लावलेला कपॅसिटर भलताच,
कुठल्याशा रेडिओतला, पाचपट मोठा,
मेणात बुडवलेला, पोटाला चीर गेलेला.
वरचे सगळे सूर
त्यातून गळत होते,
चाळीस वर्षं.

मी हसले. टाकला तो केरात.
नवा घेतला, डाग दिला.
राळेचा धूर डोळ्यांत गेला,
थेंब थंड झाला तरी चकचकीत राहिला,
म्हणजे बसला.
दोरे ओढले. चारी दांड्या आपापल्या भोकांतून
वर आल्या,
ओहोटीला खेकडे डोकावतात तशा.

पापा स्टुलावर बसले. वाजवलं.
लख्ख. घासलेल्या भांड्यासारखा एकेक सूर.
दोन ओळी वाजवून थांबले.
"सुंदर आहे," म्हणाले. "कुणाची आहे?"

मी समजावलं, हाच हिचा खरा आवाज,
कारखान्यातून निघाली तेव्हा अशीच बोलत होती.
त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला, डावा गेलाय.
"अराबा," म्हणाले, "एफुआ कायम भिंतीपाशी बसायची.
म्हणायची, तू वाजवतोस तेव्हा
शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलतंय
असं वाटतं. आपल्याबद्दल. चांगलंच."

केराचा डबा उपडा केला.
मोजून पाहिलं त्या गळक्याला: अंगात काही नेम नाही,
उन्हात एक आकडा, सावलीत दुसरा.
मग पुन्हा सगळं बाहेर,
लाल, निळा, पांढरा, गाठीचा लाल.
वायर मात्र नवीच राहू दिली.
अर्थिंगही नवं, पार शेपटीच्या पट्टीपर्यंत,
म्हणजे तारांवर हात ठेवला की गुणगुण थांबते,
उचलला की सुरू.
पापांनी ते तीनचारदा करून पाहिलं,
नव्या घरातला भाडेकरू
दिव्याचं बटण दाबून बघतो तसं.
मग वाजवलं.
मी पंखा बंद केला.

नवा कपॅसिटर ड्रॉवरमध्ये पडून आहे,
अजून कुणाचाच आवाज नसलेला.

पावती करताना पापा घासाघीस करू लागले:
"भाग तर जुनाच लावलास ना?"
दहा सेडी कमी केले.
त्या वेल्डरच्या नावाने.