तिसरं ॲप

पहिलं आठव्या दिवशी पैसे मागू लागलं.
दुसऱ्याला जोडाक्षरं झेपेनात,
चुक्याच्या भाजीचे नुसते चौकोन.
हे तिसरं फोटोवरून वाचतं, शार्दूलनं घालून दिलंय.
म्हणून महापुरात भिजलेली वही
गावभागातल्या गॅलरीत उन्हाला धरून
एकेक पान टिपतेय.

वाचतं बरं. फक्त तिखटाला तिकीट म्हणतं:
दोन चमचे तिकीट, बेतानं मीठ.
बेदाण्याचं लोणचं त्यानं गोडात टाकलं.
मी काढलं. त्यानं परत टाकलं.
बरं, राहू दे.

शेहेचाळीस-सत्तेचाळीस मात्र चिकटलेली.
सोडवली तर शाई सोलून आली,
या पानावरची त्या पानावर, उलटी.
ॲपनं दोन्ही मिळून एकच पदार्थ केला:
भरली वांगी, देठ न काढता,
रात्रभर दुधात, वरून वेलदोडा.

आणि साहित्यात, शेंगदाण्याच्या कुटाखाली,
माझ्याच अक्षरात: इंदुताई, सात माणसं, कांदा नको.

कोण इंदुताई?

‘इंदुताई’ हा घटक ओळखता आला नाही. वगळू?
हो, नाही. दोनच बटणं.

खाली कृष्णा घाटाच्या तिसऱ्या पायरीशी,
शहाण्यासारखी.
मी वांगी धुवायला घेते.
सोललेला कांदा
परत टोपलीत टाकते.