आजचा सूर्य, विडी घरकुल

सकाळी पावणेनऊला बाबा गच्चीवर चढतात,
एका डोळ्यानं गेलेली दुर्बीण खुर्चीला सुतळीनं बांधतात
आणि तपासणीत नापास झालेल्या पांढऱ्या कापडावर
सूर्य उतरवून घेतात.
बशीएवढा.

चाळीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त केले त्यांनी.
कान तिथंच राहिले, अशोक चौकाच्या मागं,
धोट्याच्या ठोक्यांत.
डोळा मात्र अजून दोषच शोधतो:
एक मोठा डाग, बाजूला तीन ठिपके,
काठाजवळ एक बारीक, धागा तुटल्यासारखा.
गटाला दहा, ठिपक्याला एक. बेरीज वहीत.
मग शेवटचा रकाना : उद्या काय.

खालून जगदेवीकाकू विड्यांचं सूप सावरत
हातानंच विचारतात, काय म्हणतोय?
बाबा ओरडून सांगतात, "शांत आहे!"
सोलापूरचा एप्रिल, त्रेचाळीस अंश.
गल्लीत कुणीतरी हसतं,
"काय बे, ह्याला शांत म्हणायचं?"

रेडिओ माझा. परवाना माझ्या नावावर,
तार गच्चीपासून कडुलिंबापर्यंत.
कुठला बँड उघडेल, किती वाजेपर्यंत,
ते बाबांच्या वहीत बघून मी बसते.
ते चुकतात. पुष्कळदा.
मग तांबड्या शाईनं लिहितात : चुकलो.
आधीचं खोडत नाहीत.

दोन आठवड्यांपूर्वी काठाआड गेलेला डाग
दुसऱ्या बाजूनं परतला तो फुगून,
गुंता झालेल्या सुतासारखा.
बाबा म्हणाले, हे तुटणार.
सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही.
बुधवारीही तांबडी शाई.

गुरुवारी बारा वाजून वीस मिनिटांनी
रियुनियन बेटावरचा एक माणूस
त्याच्याकडच्या पावसाचं सांगत होता
आणि वाक्याच्या मध्येच गेला.
सगळेच गेले. खरखरसुद्धा पातळ झाली.
मी बटणं फिरवली, तार हलवून पाहिली.
समोर बाबांचे ओठ हलत होते,
हेडफोनमध्ये काहीच नव्हतं.
बाबा रोज कुठं बसलेले असतात
ते मला तेव्हा कळलं.

"किती वेळ?" त्यांनी नंतर विचारलं.
मी बोटांवर दाखवलं, एकोणीस मिनिटं.
तेवढंच लिहिलं त्यांनी.
बरोबर, असा शब्द त्या वहीत नाहीच.

बेटावरचा आवाज परतला, पाऊस तिथं चालूच होता.
तो मी बाबांच्या मनगटावर टिचक्यांनी पोचवला,
ठोक, ठोक, लांब, ठोक.
ते मान डोलवत राहिले,
बिघडलेला माग सुरात आला की
डोलवायचे, तशी.